आई, आकाश निळं का दिसतं?

मुलांच्या प्रश्नांची आपल्या घरांत एक ठरलेली वाटणी असते. डब्यात काय आहे, माझा मोजा कुठाय, ताईनं मला का मारलं, हे प्रश्न आईचे. आकाश निळं का, चंद्र आपल्यामागे का येतो, हे बाबांचे, नाहीतर शिकवणीच्या बाईंचे. ‘मी आर्ट्‌सची, मला काय कळतंय विज्ञानातलं?’ असं म्हणून आपणच ते पुढे ढकलतो. मीही बी.ए.च. पण यातला एक प्रश्न मला पुढे ढकलता आला नाही, कारण तो फ्रेंचमधून आला होता आणि घरात फ्रेंच वाचू शकणारी मी एकटीच!

माझ्या मामेबहिणीनं फ्रान्सहून मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक पाठवलं. कॉलेजात दुसरी भाषा म्हणून घेतलेलं फ्रेंच मला शब्दकोश जवळ ठेवला की अजून वाचता येतं. मुलांनी नेमकं आकाशाचं पान उघडलं आणि फर्मान सोडलं, ‘हे मराठीत सांग.’ पान जेमतेम दहा ओळींचं, पण चार दिवस लागले. कारण एकच शब्द: ‘दिफ्युझिओं’.

इंग्रजीत ‘डिफ्यूजन’ आहेच, आणि त्याला मराठीत ‘विसरण’ हा शब्द तयार आहे. मग अडचण काय? अडचण अशी, की देवघरात उदबत्ती लावली आणि वास स्वयंपाकघरापर्यंत पोचला, की ते विसरण. प्रकाश काही असा हळूहळू झिरपत येत नाही. प्रकाशाच्या बाबतीत फ्रेंच माणूस ‘दिफ्युझिओं’ म्हणतो, तेव्हा त्याला इंग्रजीतलं ‘स्कॅटरिंग’ म्हणायचं असतं. शब्द दिसायला जुळे, पण अर्थ निराळे.

बरं, ‘स्कॅटरिंग’ला मराठीत काय म्हणायचं? आपल्या शाळेच्या पुस्तकात ‘विकिरण’ आहे. मराठी विश्वकोशात ‘प्रकीर्णन’ आहे. आणि हिंदीत ‘विकिरण’ म्हणजे चक्क रेडिएशन, ज्याला आपण मराठीत ‘प्रारण’ म्हणतो. मूल हिंदी कार्यक्रम पाहतं, मराठी बोलतं आणि सेमी-इंग्रजीत शिकतं. त्यानं गोंधळायचं नाही तर काय करायचं? शेवटी मी लिहिलं, ‘प्रकाश विखुरतो.’ परातीत टाकलेली मोहरी चहूकडे उडते, तसा. हा शब्द कुठल्याही मुलाला सांगावा लागत नाही.

आता खरं कारण. सूर्याचा प्रकाश पांढरा दिसतो, पण त्यात इंद्रधनुष्याचे सगळे रंग असतात. प्रकाश लाटांसारखा चालतो. तांबड्या रंगाच्या लाटा लांब, निळ्याच्या आखूड. आपल्या पनवेलच्या खाडीत रोवलेला एखादा खुंट आठवा. मोठी लाट त्याला न जुमानता पुढे जाते, बारीक तरंग मात्र त्याच्यावर आपटून चारी बाजूंना फुटतात. हवेचे अतिसूक्ष्म रेणू म्हणजे असे खुंटच. तांबडा प्रकाश बराचसा सरळ निघून जातो. निळा त्याच्या चौपटीहून अधिक विखुरतो आणि आभाळाच्या प्रत्येक कोपऱ्यातून आपल्या डोळ्यांत येतो. याचं गणित इंग्लंडच्या रॅले यांनी 1871 साली मांडलं.

‘मग जांभळा तर आणखी आखूड, आकाश जांभळं का नाही?’ हा प्रश्न येणारच, तयार असा. सूर्यप्रकाशात जांभळा मुळात कमी, आणि आपल्या डोळ्यांना तो निळ्यापेक्षा मंद दिसतो.

संध्याकाळी सूर्य खाली आला की त्याच्या किरणांना हवेचा खूप जाड थर ओलांडावा लागतो. वाटेतच निळा विखुरून जातो, आपल्यापर्यंत तांबडा-केशरी उरतो. कर्नाळ्याचा सुळका आणि प्रबळगड लांबून निळसर दिसतात तेही यामुळेच. डोंगर आणि आपण यांच्यामधली हवाच निळा प्रकाश विखुरत असते.

घरी करून पाहा

काचेचा उंच ग्लास पाण्यानं भरा. त्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकून ढवळा. खोलीत अंधार करा आणि एका बाजूनं पांढऱ्या उजेडाची टॉर्च लावा. शेजारून पाहिलंत तर पाणी किंचित निळसर दिसेल, आणि टॉर्चच्या समोरच्या बाजूनं पाहिलंत तर तिचा उजेड पिवळट-केशरी. दुपार आणि संध्याकाळ एकाच ग्लासात! फरक नीट दिसला नाही तर आणखी एकेक थेंब वाढवा. जास्त दूध पडलं की मात्र सगळं पांढरं होतं. ढगांचंही काहीसं असंच. त्यांतले पाण्याचे थेंब हवेच्या रेणूंपेक्षा खूप मोठे असतात, सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून ढग पांढरे.

‘समुद्राचा रंग आकाशात पडतो’ असं पुष्कळ घरांत सांगतात. ते खरं नाही. याच्या उलट, समुद्राचा निळेपणा म्हणजे नुसतं आकाशाचं प्रतिबिंब, असं मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा मानत. 1921 साली विलायतेहून बोटीनं परतताना चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी पाण्यावरचं प्रतिबिंब एका लोलकानं अडवून पाहिलं, तरी पाणी निळंच! त्यावरचं टिपण त्यांनी धाडलं ते मुंबई बंदरातून. प्रकाश कसा विखुरतो याचा त्यांनी पुढे ध्यासच घेतला. 28 फेब्रुवारी 1928 चा शोध आणि 1930 चं नोबेल पारितोषिक त्यातूनच आलं. तोच दिवस आपण विज्ञान दिन म्हणून पाळतो.

हे सगळं तुम्हांला सांगायचं कारण निराळंच. आठवीतल्या एका मुलीनं ‘स्कॅटरिंग ऑफ लाइट’ची व्याख्या मला धडाधड म्हणून दाखवली. ‘म्हणजे काय गं?’ म्हटलं, तर गप्प. तिचं पाठांतर पक्कं होतं. तिला कुणी मोहरी दाखवली नव्हती. मुलं कुठल्याही माध्यमात शिकोत, घरातल्या भाषेत एकदा समजलं की परका शब्द त्यावर आपसूक बसतो. आणि घरातली भाषा तर आपल्याच हातात आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढचा ‘का’ बाबांकडे धाडू नका. उत्तर ठाऊक नसेल तर ‘चल, शोधू या’ म्हणा आणि पुस्तक उघडा. शब्द अवघड वाटला तर स्वयंपाकघरात नजर फिरवा. निम्मं विज्ञान तिथे डब्यांतच भरलेलं असतं!