मोर्चा कुठवर पोचतो?

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरले, की मोर्च्यांनी आपली वाट अडते आणि आपण कुरकुरतो. पण वाचकहो, दबाव आणणारे काय मोर्चेवालेच असतात? ज्याची मुंबईत ओळख आहे तो मंत्र्याला दालनात भेटतो, निवडणुकीला पैसा पुरवतो. त्याचा गलका होत नाही, इतकेच.

गुरे राखणाऱ्या गोवारींपाशी फक्त डोकी होती. २३ नोव्हेंबर १९९४ ला अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला ते हजारोंनी आले. मंत्री निवेदन घ्यायला येईल म्हणून थांबले. चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. बहुतेक बाया नि लेकरे.

आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. १९९५ च्या निवडणुकीत काँग्रेसची सत्ताही गेली. अर्थात त्याला इतर कारणे होतीच. राज्याने आपल्या हातचे होते ते दिले : विशेष मागास प्रवर्गात समावेश. जमातींच्या यादीत बदल मात्र संसदच करू शकते. म्हणजे ज्या दारात माणसे मेली, ते दार मागणी पुरवणारे नव्हतेच! १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानेही हा दर्जा नाकारला.

सीताबर्डीच्या उड्डाणपुलाचे नाव मात्र ‘आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल’ असे आहे.