सौंसरचे खडक आणि उपग्रहाची नजर

सौंसर म्हटले की आपल्याला संत्र्याच्या बागा आणि जामसावळीचा मारुती आठवतो. भूशास्त्रज्ञांना आठवतो तो ‘सौंसर गट’. छिंदवाड्याकडून नागपूर, भंडारा जिल्ह्यांतून बालाघाटपर्यंत पसरलेल्या मँगनीजधारी पुरातन खडकांना, आता (२०२३ पासून) पांढुर्णा जिल्ह्यात असलेल्या, या गावाचेच नाव मिळाले आहे. फर्मर यांचा भारतीय मँगनीजवरील बृहद्ग्रंथ १९०९ साली निघाला. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापारवरून त्यांनी एका खनिजास ‘सीतापाराइट’ असे नाव दिले होते. पुढे ते बिक्सबाइटच ठरले आणि सीतापारचा मान गेला!

असा शोध आकाशातून घेता येईल काय? त्यासाठी दृष्टीला दोन सूक्ष्मता हव्यात. एक जागेची : जमिनीचा केवढा तुकडा चित्रात एक ठिपका होऊन उमटतो. दुसरी वर्णाची : परावर्तित प्रकाशाचे किती अरुंद पट्टे निराळे मोजता येतात. १९८८ च्या आपल्या आयआरएस-१ए उपग्रहावरील ‘लिस-१’ कॅमेऱ्याचा ठिपका सुमारे ७२ मीटरांचा होता आणि पट्टे अवघे चार. २००० सालच्या अमेरिकी ‘हायपेरियन’ने दोनशेंहून अधिक पट्टे मोजले, तरी ठिपका ३० मीटरांचाच. कारण उघड आहे : पट्टा जितका अरुंद तितका त्यातून येणारा प्रकाश तुटपुंजा, तो पुरेसा मिळावा म्हणून ठिपका मोठा ठेवावा लागतो.

सौंसरची अडचण नेमकी येथेच आहे. मँगनीजचे थर कित्येक ठिकाणी काही मीटरच जाड असतात. ३ मीटर रुंदीचा थर ३० मीटरांच्या ठिपक्यातून आरपार गेला, तरी त्याचा वाटा जेमतेम दहावा. बाकी शिस्ट, माती आणि झाडोरा. शिवाय हे खनिज काळे. ते सर्वच प्रकाश गिळते, त्यामुळे त्याची ठळक वर्णखूण उमटत नाही. त्याच्या शेजाऱ्यांच्या खुणा मात्र स्पष्ट असतात : अभ्रकाची २.२ मायक्रॉनजवळ, संगमरवराची २.३ च्या किंचित पुढे. म्हणून शेजारी ओळखून घर शोधावे लागते. माझ्या मते येथे एकाच उपग्रहावर विसंबू नये. वर्ण एकाकडून घ्यावा आणि खडकांच्या घड्यांचा मागोवा कार्टोसॅटसारख्या बारीक ठिपक्याच्या चित्रांवर घ्यावा.

तरीही हा प्रकाश केवळ वरची कातडी वाचतो. पांढुर्ण्याकडे बेसाल्टवरील काळी माती, सौंसरकडे बागा. तेथे नकाशात रिकामी दिसणारी जागा म्हणजे खनिजाचा अभाव नव्हे. अशा जागी गुरुत्वीय मोजणी करावी लागते, आणि अखेरीस भोक पाडून खालचा खडक वर काढावा लागतो.