धडकेपाशी हिशेब तोडायचा
गतीचे गणित : लेखांक सहावा

नागपूरहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ यवतमाळ जिल्ह्यात वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करत तेलंगणात उतरतो. उभ्या वाहनावर मागून वाहन आदळणे हा अशा रस्त्यांवरचा नेहमीचा अपघात. त्याचेच एक गणित आज घेऊ. आकडे सोयीसाठी मानलेले आहेत. कापूस भरलेले, हँडब्रेक लावलेले ३,००० किलोचे वाहन उभे आहे. मागून २,००० किलोचा पिकअप येतो, चालक करकचून ब्रेक दाबतो, चाके २४ मीटर घासत जातात आणि धडक बसते. मग दोन्ही वाहने एकमेकांत अडकून आणखी ३.५ मीटर फरफटतात. रस्ता कोरडा, घर्षण गुणांक ०.७, गुरुत्वत्वरण १०. ब्रेक दाबला तेव्हा पिकअपचा वेग किती होता?

बहुतेक विद्यार्थी ऊर्जेचा नियम घेऊन पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत एका दमात जातात. सुरुवातीची गतिज ऊर्जा घर्षणाने दोन टप्प्यांत खाल्ली, असे मांडले की वेग सेकंदाला २१.४ मीटर, म्हणजे ताशी ७७ किलोमीटर येतो. समीकरण नेटके दिसते, उत्तरही पटण्यासारखे वाटते, आणि तरी ते साफ चुकीचे आहे. माझे म्हणणे एवढेच, की अशा गणितात धडक दिसली की हिशेब तिथे तोडायचा. धडकेच्या आधी आणि नंतर ऊर्जा चालते. प्रत्यक्ष धडकेत फक्त संवेग.

शेवटाकडून मागे येऊ. दोन्ही वाहने ३.५ मीटरांत थांबली, म्हणून धडकेनंतरचा वेग ७ मीटर प्रतिसेकंद. एकत्र वस्तुमान ५,००० किलो, म्हणून संवेग ३५,०००. हा सगळा एकट्या पिकअपने आणला होता, तेव्हा आदळताना त्याचा वेग १७.५ असला पाहिजे. त्याच्या वर्गात २४ मीटरच्या घर्षणाचे ३३६ मिळवले की मूळ वेग २५.३ निघतो. ताशी ९१ किलोमीटर! चार पदरी महामार्गावर मालवाहू वाहनांना केंद्राने २०१८ मध्ये ८० ची कमाल मर्यादा घातली. चुकीच्या रीतीने मर्यादेत बसणारा चालक बरोबर रीतीने तिच्या पार बाहेर जातो. न्याय आणि अन्याय यांच्यात इथे समीकरणाची एकच ओळ उभी आहे, म्हणून तिचा आग्रह धरायचा.

यावर हुशार मुले विचारतात, ऊर्जा तर नेहमीच अक्षय्य असते ना? असते. पण आदळण्यापूर्वीच्या ३,०६,२५० ज्यूलपैकी १,२२,५०० ज्यूलच गतीच्या रूपात उरले. बाकीचे साठ टक्के पत्रा चेपण्यात, चेसिस वाकण्यात, आवाजात आणि उष्णतेत गेले. ऊर्जा नाहीशी झाली नाही, पण रस्त्यावरच्या खुणांत तिची नोंदही नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : धडक चालू असताना रस्त्याचे घर्षणही असतेच, मग संवेग तरी कसा टिकला? धडक ०.१ सेकंद चालली असे धरा. घर्षणबल ३५,००० न्यूटन, म्हणून त्याचा आवेग ३,५००, एकूण संवेगाचा दहावा हिस्सा. ही चूक अगदीच नगण्य नाही, पण तिची दिशा पाहा. घर्षणाने काही संवेग खाल्ला असेल, तर पिकअपने ३५,००० पेक्षा जास्तच आणला होता. म्हणजे ९१ हा आकडा चालकाला झुकते माप देऊनच आलेला आहे.

खरी काळजी घर्षण गुणांकाची करावी. रस्ता ओला असेल आणि गुणांक ०.५ वर आला, तर हेच अंतर, हीच वस्तुमाने आणि हीच बरोबर रीत धरून वेग ताशी ७७ वर येतो. म्हणून पंचनाम्यात टायरच्या खुणांची लांबी टेपने मोजून लिहिणे जितके गरजेचे, तितकेच रस्ता कोरडा होता की भिजलेला, डांबर होते की वर माती पसरलेली, हेही त्याच वेळी लिहिणे गरजेचे आहे. खुणेची सुरुवात आणि धडकेची जागा वेगवेगळी नोंदवली नाही, तर २४ आणि ३.५ यांची बेरीज तेवढी हाती राहते, आणि तिच्यावरून कोणालाच वेग काढता येत नाही.

पुढच्या लेखांकात दोन्ही वाहने चालती असतील आणि काटकोनात भिडतील. तिथे संवेगाला दिशाही द्यावी लागेल.