नर्सची वही आणि संगणक



आमच्या वॉर्डात पहिला संगणक आला, तेव्हा त्याच्याबरोबर एक तरुण शिक्षकही आला. दोन तास भराभर बटणे दाबून दाखवली आणि गेला तो गेलाच. आम्ही मुंबईच्या मराठी शाळेत शिकलेल्या. हिब्रू इथे उल्पानमध्ये गिरवली, आणि आता तीच अक्षरे कीबोर्डवर हुडकायची! मग आम्ही काय करायचो, आधी वहीत लिहायचो आणि ड्यूटी संपता संपता संगणकात भरायचो. एका रात्री एका आजींचे इंजेक्शन वहीत लिहिले, संगणकात राहून गेले. पुढच्या पाळीच्या नर्सने स्क्रीन बघून पुन्हा सिरिंज भरली. आजींनीच हात मागे घेतला म्हणून निभावले. चूक कोणाची? नर्सची, असेच ठरले. शिकवण्याबद्दल कोणी शब्द काढला नाही.

हे सारे आठवले ते दक्षिण आफ्रिकेची हकिगत वाचून. तिथे १९९४ साली वर्णभेदाची राजवट संपली. मुलांनो, त्या राजवटीत गोऱ्यांचे, काळ्यांचे, हिंदी लोकांचे दवाखानेसुद्धा वेगळे आणि ते चालवणारी खातीही वेगळी. साहजिकच फॉर्मही निराळे. एखाद्या भागात एकूण किती मुलांना गोवराची लस मिळाली, हे धड सांगणार कोण?

केपटाऊनमध्ये वेस्टर्न केप विद्यापीठ आणि नॉर्वेचे ओस्लो विद्यापीठ यांच्या माणसांनी काम हाती घेतले. दवाखान्याला रोजच्या कामासाठी नेमके कोणते आकडे लागतात, हे आधी पक्के केले. ढीगभर फॉर्म भरून वर पाठवायचे आणि पुढे त्यांचे काय झाले ते कळायचे नाही, हे दुखणे आम्हा नर्सना चांगले ठाऊक आहे! मग मोजक्या आकड्यांची एकच यादी केली. त्यासाठी डीएचआयएस नावाचा प्रोग्राम तयार केला आणि तो फुकट ठेवला. ज्यांनी आकडे लिहिले त्यांनीच ते वाचून आपल्या कामाला लावावेत, हा त्यांचा आग्रह होता. आम्हाला हेच सगळ्यात पटले.

तिथून हे काम मोझांबिकला गेले. तिथल्या लोकांना इंग्रजी परकी, म्हणून प्रोग्राम पोर्तुगीजमध्ये केला. भारतात आंध्रच्या कुप्पम भागात सुरुवात झाली. पुढे इंटरनेटवर चालणारा डीएचआयएस-२ निघाला, तो २००६ मध्ये पहिल्यांदा केरळात वापरला गेला. आज सत्तरहून जास्त देशांत तो चालतो.

पण सगळे गोड झाले असे समजू नका. वीज जाते, व्हायरस शिरतो. आणि एक हुशार मुलगा शिकून तयार झाला की जास्त पगारावर दुसरीकडे जातो. मग खोक्यावर धूळ! म्हणून एकालाच शिकवून भागत नाही. मापुतोच्या विद्यापीठात ओस्लोच्या मदतीने या विषयाची वरची पदवी सुरू केली, देशोदेशी शिबिरे भरू लागली, तिथलेच लोक तिथल्यांना शिकवू लागले. याला वर्षे लागतात. दोन तासांत होत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आम्हालाही शेवटी शिकवले ते आमच्याच वॉर्डातल्या एका लहान नर्सने, रात्रपाळीला चहा पिता पिता, तेच तेच दहा वेळा विचारू देऊन. वही मात्र आम्ही निवृत्त होईपर्यंत ड्रॉवरमध्येच होती.