विश्लेषण : एफआरपी कारखाने देतात, मग डब्ल्यूटीओच्या हिशेबात ते सरकारी अनुदान कसे?

उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र सरकार ठरवते. पैसे मात्र साखर कारखाना देतो. तरीही जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) तंटा पॅनेलने १४ डिसेंबर २०२१ रोजी हा दर अनुदानच मानला आणि भारताविरुद्ध निकाल दिला. तक्रार होती ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या साखर निर्यातदारांची.

हिशेब कसा होतो?

विकसनशील देशाला एखाद्या पिकाला त्याच्या उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांपर्यंतच असा आधार देता येतो. मेख मोजण्याच्या पद्धतीत आहे. सरकारने जाहीर केलेल्या दरातून १९८६-८८ च्या काळातला संदर्भ दर वजा करायचा आणि फरकाला पात्र उत्पादनाने गुणायचे. हा संदर्भ दर महागाईबरोबर आपोआप वाढत नाही.

उदाहरणापुरते समजा, जुना संदर्भ दर १०० रुपये आणि आजचा जाहीर दर २७५. बाजारातही उसाला २७५ च मिळत असतील, तर सरकारची मदत शून्य. पण कागदावर ती १७५ रुपये, म्हणजे जवळपास ६४ टक्के!

पैसे सरकार देत नाही, हा भारताचा युक्तिवाद टिकला नाही. दर सरकारने ठरवून बंधनकारक केला, एवढे पॅनेलला पुरले. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत मर्यादा ओलांडल्याचा निष्कर्ष निघाला. तांदळासाठी भारताला २०१३ च्या बाली परिषदेतल्या 'पीस क्लॉज'चे कवच आहे. ते अन्नसुरक्षेच्या साठ्यांपुरते असल्याने ऊस त्यात बसत नाही.

मग एफआरपी सुरू कशी?

भारताने या निकालाविरुद्ध अपील केले. पण अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. सुनावणीच नाही, त्यामुळे निकाल लागूही होत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये जाहीर झाले.

निर्यात अनुदानाचा मुद्दा मात्र बराचसा मागे पडला आहे. २०१९-२० मध्ये टनामागे १०,४४८ रुपये मिळत होते. २०२३-२४ मध्ये तर सरकारने निर्यातच रोखली.

उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणात राज्य सरकारे स्वतःचा दर जाहीर करतात. महाराष्ट्रात तसा दर नाही; कोल्हापूर-सांगलीतली दराची बोलणी एफआरपीपासूनच सुरू होतात. अपील मंडळ पुन्हा उभे राहिलेच, तर पहिला प्रश्न याच आकड्याचा असेल.