‘पंपाची सवय लागते’ म्हणे!

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीतल्या काकू आल्या, तेव्हा सगळ्याजणी म्हणाल्या, ‘अगंबाई, तब्येत किती सुधारली!’ मीही म्हणाले. चेहरा गोल गरगरीत, गालांवर लाली. वर्षानुवर्षं दम्यानं हैराण झालेल्या काकूंना बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या एका माणसाच्या पुड्यांचा गुण आला होता. डॉक्टरांनी दिलेला पंप कपाटात पडून होता. ‘त्या पंपाची सवय लागते हो काकू,’ असं सांगणारी मीच! बी.ए. झालेली, बचत गटाच्या मीटिंगा घेणारी मी!

श्रावणात पुडीवाला येईनासा झाला. आठवड्याभरात काकूंना अंथरुणातून उठवेना. उलट्या, चक्कर, बीपी एकदम खाली. जिल्ह्याच्या गावी नेलं. डॉक्टरीणबाईंनी चेहरा पाहिला, पुड्यांची हकीकत ऐकली आणि म्हणाल्या, ‘यात स्टिरॉइड असणार.’ रक्तातली साखरही वाढलेली निघाली.

त्यांनी समजावलं ते असं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी आपल्याला लागणारं स्टिरॉइड रोज तयार करतात. बाहेरून रोज भरपूर मिळू लागलं की त्या काम सोडून देतात. मग बाहेरचं एकदम थांबलं की जिवावर बेततं. म्हणून गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. डॉक्टर त्या हळूहळू उतरवतात. फार काळ घेतल्या तर हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो. आणि चेहरा सुजतो, ज्याला आम्ही तब्येत म्हणत होतो!

‘पण पंपातही स्टिरॉइडच ना?’ मी विचारलं. आहेच. पण दम्याचा जोर वाढला की मोठ्या माणसाला दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत गोळ्या देतात. पंपाच्या एका फवाऱ्यात बहुधा १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा किंवा पाचवा हिस्सा. तेही थेट श्वासनळीत. ओढून झाल्यावर खळखळून चूळ भरून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते, आवाज बसतो. मुलांची उंची खुंटेल ही आयांची भीती. तर फरक पडलाच तर साधारण सेंटीमीटरभराचा, आणि आटोक्यात नसलेला दमाही वाढ खुंटवतोच की.

कोरोनात हेच दिसलं. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत डेक्सामेथासोननं ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. तरी २०२१ मध्ये गरज नसताना, जास्त दिवस ते घेतलं गेलं. काळ्या बुरशीनं किती घरं हादरली! साखर वाढलेल्यांना तिनं जास्त गाठलं.

काकू आता सकाळ-संध्याकाळ पंप घेतात. बरं वाटतंय म्हणून चुकवत नाहीत. यंदाच्या हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणालंच, ‘अहो, किती वाळलात!’ काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्यानं तिळगुळाचं ताट पुढे केलं.