नदीला भिंत नको, काठ हवा

पावसाळ्यात वीर धरणातून पाणी सोडलं की आपल्या अकलूजच्या किल्ल्याशेजारची नीरा फुगते. काठाजवळच्या घरांत पहिली काळजी लेकरांची, दुसरी धान्याची. अशा वेळी ‘दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत बांधा’ ही मागणी पटकन तोंडावर येते. आम्ही वस्त्यांत आरोग्याचं काम करतो. आमचं म्हणणं असं, की नुसत्या भिंतीने वस्ती सुरक्षित होत नाही.

मातीचा काठ पाणी पितो. झाडाझुडपांची मुळं माती धरतात, पाण्याचा वेग कमी करतात. काँक्रीटच्या चरात पाणी सुसाट सुटतं आणि खालच्या वस्तीवर आदळतं. पाणी भिंतीवरून आत आलं, तर तीच भिंत त्याला परत जाऊ देत नाही. उन्हाळ्यात त्याच चरात सांडपाण्याची डबकी साचतात. हत्तीपाय पसरवणारा क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो.

पुण्याचा आंबिल ओढा आठवा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्याला पूर आला. अरण्येश्वर भागात भिंत कोसळून माणसं दगावली. पुढे ओढा सरळ करण्याचं काम निघालं आणि जून 2021 मध्ये, कोरोनाच्या काळात, भर पावसाळ्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली घरं पाडायला सुरुवात झाली. रहिवाशांना न्यायालयातून स्थगिती आणावी लागली. म्हणजे पुराचा मार आपल्याला, आणि पुरावरच्या उपायाचा मारही आपल्यालाच.

दुसरी वाट आहे. सिंगापूरमध्ये कलांग नदी एका बागेच्या कडेने 2.7 किलोमीटर काँक्रीटच्या कालव्यातून वाहत होती. 2012 पर्यंत तो कालवा काढून नदीला 3.2 किलोमीटरचं वळणदार पात्र दिलं. काठाला दगड, गवत, झाडं लावली. एरवी तिथे लेकरं खेळतात. पाऊस वाढला की बागेतच पाणी पसरतं. त्याआधी भोंगा वाजतो आणि लोक बाहेर पडतात. पूर बागेत मावतो.

मात्र नदीकाठच्या बागेच्या नावाखाली गरिबाचं घर हलवलं, तर ती बाग आपली नाही. म्हणून नगरपरिषदेकडे मागण्या स्पष्ट मांडू. आधी गटाराचं पाणी शुद्ध करा, मगच नदीत सोडा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. या रेषा वस्तीत येऊन समजावून सांगा. कुणाला हलवावंच लागलं, तर आधी जवळपास पक्कं घर द्या. काठावर सावली, संडास, बसायला जागा करा, आणि दाराला तिकीट नको. सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 रोजी महाडला बजावला. नदीचा काठही सार्वजनिकच आहे. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या की विहारात बसून अर्ज लिहा, मुदतीत द्या आणि पोच घ्या.

तोवर घरात एवढं सांभाळा:

• पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यात उतरू नका. उंदरांच्या लघवीतून त्यात लेप्टोचे जंतू येतात.
• पुराच्या पाण्यात जावं लागलंच, तर नंतर साबणाने पाय धुवा आणि प्रतिबंधक गोळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारा. मनाने गोळी घेऊ नका.
• ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
• पाणी उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळा.
• जुलाब लागले तर लगेच ओआरएस सुरू करा. आशाताईंकडे पाकिटं मिळतात.
• आठवड्यातून एक दिवस पिंपं, हंडे रिकामे करून घासा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो.

घर आपण सांभाळू. नदी सांभाळायला मात्र सगळ्या वस्तीने मिळून उठावं लागेल.

जय भीम! नमो बुद्धाय!